खऱ्याएवढा हत्ती

लिफ्टमध्ये शिरावं, आपल्या मजल्याचं बटण दाबावं, वर बदलणाऱ्या आकड्यांकडे परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखं बघत राहावं आणि आपला मजला आला की निमूट उतरून जावं. घडीमास्तर दोन वर्षं नेमानं हेच करत होते. त्या सकाळीही त्यांनी तेच केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या सकाळी त्यांच्या तळहातावर हत्ती होता.

हत्ती दोन इंचांचा. पाणी बंद राहणार असल्याची नोटीस सोसायटीवाले दाराखालून सरकवून गेले होते, तिचा केलेला. मास्तरांना मोकळा कागद बघवत नसे. एकतीस वर्षं त्यांनी नकाशांच्या कचेरीत काढली होती. भिंतीएवढा नकाशा कोटाच्या खिशात मावेल अशी त्याची घडी घालून देणं, हे त्यांचं काम. साहेबलोक नकाशा ऐटीत उलगडून न्यायचे आणि परत आणताना धुवायला टाकायच्या चादरीसारखा बगलेत मारून आणायचे. मग मास्तर दोन मिनिटांत त्याला पुन्हा माणसात आणत. तिथे शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ‘घडीमास्तर’ म्हणत. निवृत्त झाल्यावर ते आणि मास्तरीणबाई लेकीकडे राहायला आले, आणि या दहा मजली इमारतीत त्यांना कोणी काहीच म्हणेना.

तर लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी हत्ती पाहिला.

“वा! हे काय, हत्ती?”

“हत्ती,” मास्तर म्हणाले. कोणीतरी बोललं याचाच त्यांना इतका आनंद झाला की पुढचा शब्द सुचेना.

“पुढच्या रविवारी पटांगणात आपलं छंद-प्रदर्शन आहे. तिथे ठेवायला हवा हो हा. पण फार लहान आहे. लोकांना वाटेल, कागदाचा बोळा पडलाय.” मग सेक्रेटरींनी आपुलकीनं विचारलं, “आपण कोणाकडे आलात?”

“मी राहतो इथे. दोन वर्षं झाली.”

“अस्सं? कुठल्या मजल्यावर?”

“तुमच्याच.”

लिफ्टमध्ये जी शांतता पसरली ती पाचव्या मजल्यापासून सातव्यापर्यंत टिकली. दार उघडलं तसे सेक्रेटरी घाईनं बाहेर पडले. आणि त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीला उद्देशून, स्वतःच्याही ध्यानीमनी नसताना, मास्तर म्हणाले, “मोठाही होतो हा. खऱ्याएवढा होतो.”

सेक्रेटरींना चूक सुधारायची अशी काही घाई झाली होती की संध्याकाळपर्यंत सूचनाफलकावर कागद लागला. “विशेष आकर्षण: एकाच कागदातून घडवलेला खऱ्याएवढा हत्ती. सादरकर्ते: आपल्याच इमारतीतील एक ज्येष्ठ रहिवासी.” म्हणजे हत्तीला विशेषण मिळालं, आकार मिळाला, आणि मास्तरांना नाव ते नाहीच. फलकासमोर ते बराच वेळ उभे राहिले. खिशात पेन होतं. पण स्वतःचं नाव स्वतः लिहायचं म्हणजे फारच झालं, असं म्हणून ते वर आले.

“खऱ्याएवढा म्हणजे केवढा?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“दहा फूट उंच.”

“आणि कागद?”

“दोन इंचांच्या हत्तीला आठ इंचांचा चौकोन लागला. म्हणजे दहा फुटांना चाळीस.”

“चाळीस काय?”

“फूट. चारी बाजूंनी.”

मास्तरीणबाईंनी आपल्या बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. तिथे चारी बाजूंनी मिळून चाळीस फूट भरले असते. “अहो,” त्या शांतपणे म्हणाल्या, “लिफ्टमध्ये तुम्ही काही बोलत नाही म्हणून मी किती वेळा तुमच्यावर चिडले. देवा, माझं चुकलंच.”

कागद छापखान्यातून आणला. पाच फूट रुंदीचा गुंडाळा, त्याच्या आठ पट्ट्या कापायच्या आणि एकमेकींना चिकटवायच्या. जागेसाठी सोसायटीचं सभागृह सोमवार ते रविवार लेखी परवानगीनं मिळालं. इथवर सगळं सुरळीत होतं. मग सेक्रेटरींनी सांगितलं की इतका कागद एका ठिकाणी ठेवायचा तर अग्निशमन कार्यालयाचा परवाना पाहिजे.

आता हे सांगायला हवं की मास्तरांनी आपल्या नोकरीच्या काळात नकाशे मागायला आलेल्या असंख्य माणसांना ‘अर्ज अपुरा आहे, उद्या या’ असं सांगितलं होतं. सांगताना त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं की खिडकी मुद्दामच इतकी खाली बसवलेली असते की माणसाला वाकूनच बोलावं लागतं.

आतल्या कारकुनाकडे दोनच प्रकारचे अर्ज होते. एक तात्पुरत्या मंडपाचा, एक सार्वजनिक ठिकाणी प्राणी आणण्याचा.

“प्राणी कोणता?” कारकुनानं विचारलं.

“हत्ती. पण कागदाचा.”

“पशुवैद्याचा दाखला आणलाय?”

“अहो, कागदाचा आहे.”

“म्हणजे जिवंत नाही.” कारकुनानं तो अर्ज बाजूला ठेवून दुसरा घेतला. “मग मंडप. खांब किती?”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. “चार.”

“उंची?”

“दहा फूट.”

“पुढे काही बाहेर आलेलं बांधकाम?”

“सोंड.”

कारकुनानं मान वर न करता लिहिलं. परवाना मिळाला तो असा: ‘पटांगणात उभारावयाचा चारखांबी कागदी मंडप, सोंडेसह. प्रत्यक्ष पाहणी शनिवारी.’

मंगळवारी दुपारी पट्ट्या चिकटवून झाल्या. मास्तरीणबाईंनी ब्रश धरला होता, मास्तरांनी कड. सभागृहाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढराशुभ्र कागद पसरला होता आणि दारातून येणारे-जाणारे सल्ला देत होते. या इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत हा मास्तरांचा समज त्या दुपारी साफ चुकीचा ठरला. माणसं बोलायला उत्सुक होती, फक्त त्यांना दुसऱ्याचं काहीतरी चुकताना दिसायला हवं होतं. एक जण म्हणाला, कागद फार पातळ आहे. दुसरा म्हणाला, फार जाड. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, ज्यांनी आयुष्यभर पूल बांधले म्हणून सगळे त्यांना ‘पूलवाले’ म्हणत, त्यांनी भार कुठे येणार याचं चित्र काढून दिलं. एका गृहस्थांनी तर मास्तरांना बाजूला घेऊन कळकळीनं सुचवलं, “हत्तीऐवजी ससा करा. तोही खऱ्याएवढाच होईल आणि टेबलावर मावेल.”

सल्ले देऊन सगळे गेले. हात द्यायला कोणी थांबलं नाही.

बुधवारी सकाळी सहाला मास्तर आणि मास्तरीणबाई पहिली घडी घालायला उतरले. एक कोपरा उचलायचा आणि समोरच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायचा. हातात मावणाऱ्या कागदाला याला एक सेकंद लागतो. दोघांनी कोपरा उचलला, दहा पावलं चालले, आणि मागे कागदाच्या पोटात हवा शिरली. बघता बघता त्याचा डोंगर झाला.

“अहो, तुम्ही कुठे आहात?” डोंगरापलीकडून मास्तरीणबाईंचा आवाज आला.

“इथेच आहे. तू कोपरा सोडू नकोस!”

“कोपरा कधीच सुटला. मी नुसती बोट वर करून उभी आहे!”

तेवढ्यात सात वाजले आणि दारात बॅडमिंटनची मंडळी येऊन ठेपली. हे आठ जण गेली सहा वर्षं रोज सातला या सभागृहात खेळत. त्यात पूलवाले होते, दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि खुद्द सेक्रेटरीही होते. आपण परवानगी दिली ती जागा म्हणजे आपलंच मैदान, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

“हे काय चाललंय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता की समोरचा आपोआप तोंड उघडायचा. “आमची खेळायची वेळ आहे. तुमचा कागद उचला इथून.”

मास्तर सकाळपासून उपाशी होते. कंबर धरली होती. कागदात हवा होती आणि बायको दिसत नव्हती. ते तडकून म्हणाले, “तेच तर करतोय! दोघांना उचलवत नाही. तुम्हाला घाई असेल तर तुम्हीच उचला!”

मग पूलवाल्यांनी रॅकेट भिंतीला टेकवली. “कुठे धरायचं?”

“आधी बूट काढा,” मास्तर म्हणाले. “कागदावर फक्त मोजे.”

बूट काढल्यावर बरंच काही उघडकीला आलं. सेक्रेटरींच्या डाव्या पायाचा अंगठा मोज्याबाहेर डोकावत होता. त्यानंतर कोणालाच त्यांच्याशी बोलायला अवघड वाटलं नाही. पूलवाल्यांचा एक मोजा निळा होता आणि दुसरा करडा, आणि मुद्दाम तसे घातल्याचा आव त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. दहा जणांनी मिळून कड उचलली, मास्तरांच्या ‘एक, दोन’वर पावलं टाकली आणि कोपऱ्यावर कोपरा आणून ठेवला. आता घडीवर दाब द्यायचा होता. तिरकी घडी, जवळजवळ सत्तावन्न फूट. बोटानं दाबायची तर दुपार झाली असती. म्हणून मास्तर घडीवर बसले आणि बसल्या बसल्या सरकत निघाले. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे सेक्रेटरी, अशी इभ्रतदार माणसांची रांग जमिनीवरून घसटत या टोकाकडून त्या टोकाला गेली.

टोकाला पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. घडी आखल्यासारखी सरळ पडली होती.

“अरे वा,” त्या म्हणाल्या. “पुढची कुठली?”

त्या दिवशी बॅडमिंटन झालं नाही. गुरुवारीही नाही. गुरुवारी आठाचे वीस झाले, कारण सेक्रेटरी सतरंजीवर घसरत असल्याची बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली होती आणि ते पाहायला आलेल्यांना मास्तर बूट काढायला लावत होते. सतरंजी नव्हती ती, पण बातमीला कोण अडवणार. डॉक्टरीणबाईंचा अंगठा घडीवर सगळ्यांत पक्का बसतो असं ठरलं. सोंडेच्या बारीक घड्या मास्तरीणबाईंशिवाय कोणाला जमेनात. ज्यांनी ससा सुचवला होता ते गृहस्थ डाव्या कानाचे प्रमुख झाले आणि कानाबद्दल इतरांशी जरा चढ्या आवाजात बोलू लागले.

शुक्रवारी दुपारी हत्ती चार पायांवर उभा राहिला. दहा फूट. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या ओसरतात न ओसरतात तोच हत्तीनं ‘हुस्स’ असा आवाज केला आणि त्याचे मागचे पाय हळूहळू दुमडू लागले.

“आतून बांबू घाला,” पूलवाले ओरडले. “मी मंगळवारीच भाराचं चित्र दिलं होतं!”

“हत्तीच्या पोटात बांबू घातला तर तो हत्ती नाही, तंबू!”

“परवान्यावर मंडपच लिहिलंय ना?”

हे मास्तरांना फार लागलं. पूलवाल्यांनाही आपण जास्त बोलल्याचं जाणवलं, पण इंजिनिअर असल्यामुळे ते मान्य करता येईना. दोघं हत्तीच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे राहिले, आणि मधे हत्ती सावकाश बसत गेला. पूर्ण बसला, तेव्हा त्याची पाठ साडेआठ फुटांवर येऊन थांबली, डोकं जरासं वर राहिलं आणि सोंड पुढे जमिनीवर टेकली.

डॉक्टरीणबाई दोन पावलं मागे गेल्या. “राहू दे की असाच,” त्या म्हणाल्या. “दमून बसलाय बिचारा. उभा होता तेव्हा कपाटासारखा दिसत होता.”

सगळ्यांनी पाहिलं. खरंच होतं. मास्तर गुडघ्यावर बसले आणि मागच्या पायांना नवी घडी घालू लागले. थोड्या वेळानं पूलवाले पलीकडून येऊन दुसऱ्या पायाला भिडले.

शनिवारी चारला अग्निशमन कार्यालयाचा कारकून पाहणीला आला. त्यानं हत्तीभोवती एक चक्कर मारली, सोंड मोजली, खांब मोजले. “दोन खांब बसलेत,” त्यानं शेरा लिहिला. मग परवान्याचा कागद काढून वाचला.

“परवाना पटांगणाचा आहे. हा तर आत आहे.”

“उद्या प्रदर्शनाआधी बाहेर नेणार,” मास्तर अभिमानानं म्हणाले.

“न्या. मी उद्या चारला येतो, सही करतो.” कारकून जायला वळला आणि दाराशी थांबला. वर पाहिलं, हत्तीकडे पाहिलं. अगदी कोरड्या आवाजात त्यानं विचारलं, “नेणार कुठून?”

सभागृहाचं दार सात फूट उंच होतं आणि पाच फूट रुंद.

सगळे दाराकडे बघत होते, आणि मग हळूहळू सगळे मास्तरांकडे बघू लागले. एकतीस वर्षं नद्या, डोंगर आणि सरहद्दी मिलिमीटरही न चुकता घडीत बसवलेल्या माणसाला दार मोजायचं सुचलं नव्हतं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

“माझी चूक झाली,” मास्तर म्हणाले. “तुम्हा सगळ्यांचा आठवडा मी फुकट घालवला. माफ करा.” त्यांनी बूट हातात घेतले आणि मोज्यांवरच जिना चढून सात मजले वर गेले, कारण लिफ्टमध्ये कोणीतरी भेटलं असतं.

घरी लेकीनं चहा पुढे केला, त्यांनी तो तसाच ठेवला. मास्तरीणबाई मागून आल्या. मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “आपण आपल्या जुन्या घरी परत जाऊ या. दोन खोल्या आहेत, पुरतात. इथे आता कोणाला तोंड दाखवू?”

“बाबा, काहीतरीच काय,” लेक म्हणाली.

मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या, मोजे काढले आणि पावलं चोळत राहिल्या. “तुम्हाला जायचं तर जा,” त्या म्हणाल्या. “आत्ता निघताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, उद्या किती वाजता येणार? दोन वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी सात म्हणाले. मी सातला जाणार आहे.”

“जाऊन करणार काय? हत्ती दारातून जात नाही.”

“ते मला माहीत नाही. पण मी सात म्हणाले.”

आणि रविवारी सातला त्या धुतलेले मोजे घालून खरंच गेल्या. मास्तर मागे राहिले. वर्तमानपत्र उघडलं, वाचलं नाही, त्याची घडी घातली, पुन्हा उघडलं. साडेसातला घंटी वाजली, लेकीनं दार उघडलं. दारात डॉक्टरीणबाई होत्या, धापा टाकत.

“मास्तर, एक सांगा. उलगडताना कान आधी की सोंड?”

“उलगडताना?”

“हो. घडी घातली तशी उलगडायची, दारातून काढायची आणि बाहेर पुन्हा घालायची. काल तुम्ही इतक्या तडकाफडकी वर गेलात, कोणाला बोलायला वेळच दिला नाहीत. ते राहू दे, लवकर सांगा. पूलवाले म्हणतायत सोंड आधी. त्यांनी धरलीसुद्धा.”

“सोंड?” मास्तर ताडकन उठले. “कान दुमडलेले असताना सोंड ओढली तर मानेपासून फाटेल! अहो, थांबवा त्यांना!” आणि बूट, चष्मा, मानापमान सगळं घरीच ठेवून ते धावत सुटले.

खाली चाळीसेक माणसं होती. त्यांतली निम्मी मास्तरांनी कधी पाहिलीही नव्हती. सोंडेशी मास्तरीणबाई पूलवाल्यांना अडवून उभ्या होत्या. “आधी कान! मी सांगतेय ना, आधी कान!” मास्तर पोचले आणि उलटा प्रवास सुरू झाला. कान, मग सोंड, मग पाय, मग पाठ. शेवटी सपाट कागद उरला, त्याची नकाशासारखी घडी घालून एक लांबलचक, दोन हात रुंदीची पट्टी केली. ती खांद्यावर घेऊन चाळीस माणसं एकामागोमाग दारातून बाहेर पडली, आणि पटांगणात येऊन त्यांनी ती पुन्हा चाळीस फुटांची केली. दारातून वळताना एक ठिकाणी वीतभर फाटलं. डॉक्टरीणबाईंनी त्यावर आतून कागद चिकटवला. “भरून टाकलंय,” त्या म्हणाल्या. “दोन तास त्या बाजूनं ताण देऊ नका.”

पटांगणात वारा होता. कागद एकसारखा वर उठत होता. मास्तर मधोमध उभे राहून ‘डावीकडे’, ‘हळू’, ‘कड सोडू नका’ असं ओरडत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की ते बोलायच्या आत घडी पडतेय. डावा कान सशावाल्या गृहस्थांनी आपला आपण धरला होता. सेक्रेटरी नव्या माणसांना बूट कुठे ठेवायचे ते दाखवत होते आणि हत्तीचा कुठला पाय आधी ते बजावत होते. सगळ्यांना सगळं पाठ झालं होतं. सूचना द्यायला काही उरलंच नव्हतं. मास्तरांनी वर केलेला हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

“अहो मास्तर!” पूलवाले पलीकडून खेकसले. “मधे काय उभे राहिलात? इथे कड एका माणसानं कमी पडतेय. या इकडे!”

एकतीस वर्षांत मास्तरांवर असं कोणी खेकसलं नव्हतं. ते लगबगीनं गेले आणि पूलवाले नि मास्तरीणबाई यांच्यामध्ये उभं राहून त्यांनी आपल्या वाट्याची हातभर कड धरली. कोणीतरी, मास्तर नव्हे, ‘एक, दोन’ म्हणालं, आणि सगळ्यांबरोबर मास्तरांनीही उचललं.

चारला कारकून आला, बूट काढून एक चक्कर मारली आणि सही केली. पाचला प्रदर्शन सुरू झालं. टेबलांवर भरतकाम होतं, तिकिटांचे संग्रह होते, कोणी काढलेली फुलांची चित्रं होती, आणि मधोमध पांढरा हत्ती दमून बसला होता. लोक आले, फोटो निघाले, आणि सात वाजता सगळं आटोपलं.

टेबलं उचलली गेली, तरी पटांगणाच्या पायरीवर एक रांग तशीच बसून होती. सगळ्यांचे मोजे काळेकुट्ट झाले होते. कोणाला उठायचं बळ नव्हतं. पूलवाले समजावून सांगत होते की बांबू घातला असता तर तो उभा राहिला असता, आणि डॉक्टरीणबाई त्यांना सांगत होत्या की आता तोंड मिटा. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून लेकीनं हाक मारली, “आई! बाबा! वर कधी येताय? अंधार पडला!”

“आलोच,” मास्तर तिथूनच ओरडले, आणि पाय पुढे पसरून जरा आरामात बसले.